जुन्या नकाशांची साक्ष

सीमाप्रश्नाची चर्चा निघाली की आपण ठराव, आयोगाचे अहवाल आणि जनगणनेचे तक्ते काढून बसतो. आपल्याच गावाचा जुना नकाशा मात्र क्वचितच कोणी उलगडतो. येथे आम्हांस शाळेच्या भिंतीवरचा राज्याचा नकाशा अभिप्रेत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने एका मैलास एक इंच या प्रमाणावर काढलेला स्थलनिर्देशक नकाशा अभिप्रेत आहे. विहीर, देऊळ, पायवाट, ओढा यांना त्यात जागा असते. स्थानिक इतिहास लिहू पाहणाऱ्याने या नकाशाला साक्षीस बोलवावे आणि कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे त्याची उलटतपासणीही करावी, असे आमचे मत आहे.

या नकाशांच्या मुळाशी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रचंड काम आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली. काम उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबरही तेथेच आहे. पुढे देशाचे अक्षांश-रेखांशांप्रमाणे चौकोन पाडून प्रत्येकास क्रमांक देण्यात आला. त्या क्रमात बेळगाव आणि खानापूर ‘४८ आय’ या चौकोनात येतात, तर निपाणी आणि कोल्हापूर ‘४७ एल’ मध्ये. आज निपाणी एका राज्यात आणि कोल्हापूर दुसऱ्या राज्यात आहे. चौकोन मात्र एकच. याने कोणाचाही दावा सिद्ध होत नाही, कारण हे चौकोन अक्षांशांनी आखले आहेत. परंतु निपाणीच्या विद्यार्थ्याने आपल्या परिसराचा अभ्यास राज्याच्या सीमेपाशी थांबवू नये, एवढे तरी त्यातून शिकता येते.

खरा बोध होतो तो नकाशावरील राजकीय रेषांतून. स्वातंत्र्यापूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि त्याच्या अवतीभवती संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. आज बेळगाव शहराचा अविभाज्य भाग असलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानाचे होते. म्हणजे एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाताना राज्य बदलत असे. पश्चिमेस सावंतवाडी संस्थान आणि पोर्तुगीज गोवा, उत्तरेस कोल्हापूर. सांगली १९४८ मध्ये व कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. अवघ्या चौदा वर्षांत या मुलखाच्या सर्व रेषा नव्याने ओढल्या गेल्या. ओढे, घाट आणि बाजाराच्या वाटा मात्र जुन्या जागीच राहिल्या. ‘ही सीमा पूर्वापार आहे’ असे कोणी म्हणाले, तर एवढा कालक्रम त्याच्यासमोर ठेवावा.

नकाशा वाचण्याची सुरुवात समासापासून करावी. मोजणीचे साल आणि छपाईचे साल पुष्कळदा वेगळे असते. पुरावा म्हणून मोजणीचे साल धरावे. मग चिन्हसूची पाहावी. बांधलेली विहीर आणि कच्ची विहीर, बारमाही तळे आणि कोरडे तळे, गाडीवाट आणि पायवाट यांना निरनिराळी चिन्हे आहेत. वसलेल्या गावाचे चिन्ह वेगळे आणि ओसाड गावाचे वेगळे. महसुली दप्तरात ज्याला ‘बेचिराख’ म्हणतात, तेच हे गाव. असे चिन्ह दिसले की त्या जागी जावे. पांढरीची माती, खापऱ्यांचे तुकडे, उघड्यावर राहिलेला मारुती काही तरी सांगतोच. गाव का उठले, हे नकाशा सांगत नाही. ते शेजारच्या गावातील वृद्धांना विचारावे लागते. घटप्रभेवरील हिडकल धरणाखाली गेलेल्या वस्त्या आणि रस्ते तर आता धरणापूर्वीच्या नकाशावरच शोधावे लागतात.

आता नावांविषयी. येथे आम्ही आमच्याच बाजूच्या वाचकांना सावध करू इच्छितो. बेळगावजवळचे बेकिनकेरे हे मराठी बोलणारे गाव; पण त्याच्या नावातील ‘केरे’ म्हणजे कन्नडमध्ये तळे. उलट आज कन्नड बोलणाऱ्या कित्येक गावांच्या नावांत ‘वाडी’ आहे. तेव्हा नुसत्या नावावरून तेथील लोकांची आजची भाषा ठरवणे चुकीचे आहे, मग तसे ते करोत वा आपण. या दोन भाषा शतकानुशतके एकाच बांधावर नांदल्या, एवढे मात्र नावांतून निश्चित कळते.

याहून अधिक चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. नकाशावरील नावे रोमन लिपीत आहेत. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला भेद त्या लिपीत मावत नाही. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही जोडगावे आता ‘बी. के.’ आणि ‘के. एच.’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जातात. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, हे त्या अक्षरांवरून नव्या पिढीस कसे कळावे? गावांची ही स्थिती, तर माळ, टेंब, ओहोळ आणि शिवारांच्या नावांना कोण विचारतो? एका मैलाच्या इंचात ती बहुतांशी बसलीच नाहीत. ती केवळ माणसांच्या तोंडी आहेत.

म्हणून आमची विनंती आहे. सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारांस एक या प्रमाणाचे आजचे नकाशे सहज मिळू शकतात. जुने नकाशे ग्रंथालयांत आणि काही विद्यापीठांच्या संग्रहांत पाहता येतात. दोन्ही शेजारी ठेवावेत. गावातील जाणत्या शेतकऱ्याला आणि गुराख्याला सोबत घेऊन शिवार फिरावे. प्रत्येक नाव बोलीत उच्चारले जाते तसे देवनागरीत लिहावे. कन्नड शेजारी त्याच जागेस वेगळे नाव देत असेल, तर तेही लिहावे. सांगणाऱ्याचे वय आणि नोंदीची तारीख विसरू नये. सीमेचा निकाल आपल्या हाती नाही. शिवाराची नावे मात्र आपल्या हाती आहेत, आणि ती सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.