काचेतला समुद्र

मोगऱ्याचं अत्तर निघतं, चंदनाचं निघतं, वाळ्याचंही निघतं. समुद्राचं निघत नाही. खारं पाणी कितीही उकळा, हाती मीठच येतं. मग समुद्राचं परफ्यूम करायचं कसं? मला सगळ्यात आवडणारं उत्तर एका चित्रकाराने दिलंय, आणि तेही नाकासाठी नाही, डोळ्यांसाठी.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पॅरिसची फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेली अमेरिकेतून परतली होती. साल्वादोर दालीशी तिची जोडी जुनी. १९३७ मध्ये तिच्या पांढऱ्या ड्रेसवर दालीचा भलामोठा लाल लॉबस्टर अवतरला होता. आता तिच्या नव्या परफ्यूमची बाटली त्याने रेखाटली. परफ्यूमचं नाव 'ल रुआ सोलेय', म्हणजे सूर्यराजा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला याच नावाने ओळखतात.

'बाकारा' या जुन्या काचकारखान्याने ती क्रिस्टलमध्ये घडवली. खाली समुद्र आणि खडक, वर बुचाच्या जागी किरणं फाकलेला सूर्य. सूर्याला चेहरा आहे, पण नीट बघितलं की कळतं, त्याचे नाकडोळे म्हणजे उडते पक्षी आहेत. आणि हे सगळं सोनेरी शिंपल्याच्या आकाराच्या डबीत.

नुसती श्रीमंती चैन म्हणून ही बाटली सोडून देता येईल. मला तसं वाटत नाही. त्या वेळचा फ्रान्सचा किनारा आठवा. जर्मनांनी अटलांटिकच्या काठाने बंकर बांधले होते, वाळूत सुरुंग पेरले होते. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या पुळणींवर हजारो सैनिक पडले. युद्ध संपल्यावरही सुरुंग काढायचं काम चालूच होतं. समुद्रावर फिरायला जाणं ही साधी गोष्ट उरली नव्हती. अशा वेळी शांत पाण्यावर उगवलेला सूर्य ही नुसती सजावट नव्हती. समुद्र परत मिळाल्याची ती खूण होती. दाली स्वतः तेव्हा अमेरिकेत होता, पोर्ट लिगातच्या आपल्या खडकाळ किनाऱ्यापासून फार लांब.

गंमत म्हणजे त्या काळी परफ्यूम बनवणाऱ्यांकडे आजच्यासारखा 'सागरी' वास नव्हताच. समुद्रातून येणारा अंबर होता. तोच, ज्याच्या तस्करीच्या बातम्या आपण 'व्हेलची उलटी' म्हणून वाचतो. पण त्याचा उपयोग मुख्यतः वास उबदार करायला आणि टिकवायला. 'कॅलोन' हे रसायन १९६६ मध्ये फायझर या औषध कंपनीच्या संशोधकांना सापडलं. त्याला कलिंगडासारखा, ओल्या वाऱ्यासारखा वास येतो. १९९० च्या दशकात त्याने परफ्यूमचा बाजार व्यापला. आज 'ॲक्वा' लिहिलेल्या बाटलीतून जो वास येतो, त्याचं घराणं हेच. त्यात सुकट नाही, शेवाळ नाही, जाळी वाळत घातलेला किनारा नाही. धुऊनपुसून काढलेला समुद्र!

दालीने निदान वासाचा आव आणला नाही. समुद्र त्याने काचेत ठेवला, उरलेलं काम बघणाऱ्याच्या आठवणीवर सोडलं.

१९५४ मध्ये स्कियापारेलीने आपलं फॅशन हाऊस बंद केलं. ती बाटली आता संग्रहालयांत आणि लिलावांत दिसते. कित्येकदा रिकामीच असते, तरी खालच्या लाटांवर सूर्य उगवलेलाच असतो.