शाळेला पोसणारे कोण?

मागच्या महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका कॅथलिक शाळेत बातमीसाठी गेलो होतो. शाळेसाठी झिजलेल्या लोकांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, फोटो. नेहमीचीच पुढारी आणि देणगीदारांची यादी असणार असं धरून चाललो होतो. पण पहिलं नाव पुकारलं ते वर्षानुवर्षं घंटा देणाऱ्या शिपाईमामांचं. मग खाडीपलीकडच्या पोरांना होडीतून आणणारे एक चाचा. मग पोषण आहार रांधणारी मावशी. ती स्टेजवर चढताना हळूच म्हणाली, "माका कित्याक बोलावल्यानी?"

सगळे हसले. मी पण हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. शाळेला पोसणारा म्हणजे नक्की कोण?

इतिहासात मागे गेलं तर उत्तर सोपं नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या कॅथलिक शिक्षणाची सुरुवात गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजपासून धरतात. पोर्तुगीजांनी तिसवाडीतली देवळं पाडली, आणि १५४१ साली तिथल्या गावकरांना बोलावून लिहून घेतलं की देवळांच्या जमिनीचं उत्पन्न यापुढे ख्रिस्ती धर्मकार्याला द्यायला आमची संमती आहे. त्या पैशावर हे कॉलेज उभं राहिलं. १५४२ ला फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले, १५५६ ला भारतातला पहिला छापखाना याच कॉलेजात लागला. म्हणजे कॉलेजचे पहिले 'आश्रयदाते' आपले कोकणी गावकर. कागदावर राजीखुशी. देऊळ पडलेल्या माणसाची राजीखुशी काय असते, ते मी सांगायला नको.

हे उकरून काढतोय ते आजच्या फादर-सिस्टरना दोष द्यायला नाही. चारशे-ऐंशी वर्षांपूर्वीचा हिशेब त्यांच्याकडे मागण्यात काही अर्थ नाही. मुद्दा एवढाच, की घेतलेला आधार आणि मनाने दिलेला आधार यात फरक असतो, आणि तो फरक कागदावर दिसत नाही.

तीनशे वर्षांनी इंग्रजी राज्यात चित्र वेगळं झालं. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी आणि मिशनच्या शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. त्यातली एक अट, सरकारी तपासणी मान्य करायची. अनुदान सरकारचं म्हणतात, पण सरकारी तिजोरीत मोठा वाटा शेतसाऱ्याचा. म्हणजे ज्याचं पोर कधी शाळेची पायरी चढलं नाही, तो शेतकरीही पोसणाराच. आजही अनुदानित शाळेतल्या मास्तरांचा पगार तिजोरीतूनच होतो. त्या शेतकऱ्याला शाल कोण देणार?

मग मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज. १८६९ साली जर्मन जेझुइट फादरनी सुरू केलं. पुढे पारशी, हिंदू, मुसलमान घरांतली मुलं तिथे शिकली. इथे कोणी लिहून घेतलं नव्हतं. आईबापांनी विश्वासाने मुलं पाठवली. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रू ठरले. काही फादर नजरकैदेत गेले, बाकीच्यांना मायदेशी धाडलं. चालवणारेच गेले, तरी कॉलेज बंद पडलं नाही. १९२२ च्या सुमारास स्पेनचे जेझुइट आले. त्यांच्यातल्याच फादर हेरास यांनी भारतीय इतिहासाच्या अभ्यासात उभा जन्म घालवला. १९८१ मध्ये त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं. फादरांचं तिकीट निघालं हे चांगलंच झालं. पण अडचणीच्या काळातही ज्यांनी आपली पोरं तिथून काढली नाहीत, त्यांचं तिकीट निघत नाही. माझ्या मते कॉलेज टिकवणाऱ्यांत तेही होते.

म्हणून मावशीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. मावशी, तुम्हाला बोलावलं कारण तुमच्याकडून कोणी लिहून घेतलं नव्हतं. शाळा भिंतीवरच्या पाटीने चालत नाही. रोज कोणीतरी भात शिजवतो, होडी हाकतो, आपलं पोर विश्वासाने पाठवतो, तेव्हा ती चालते.

आपल्या तालुक्यात आज पटाअभावी शाळा अडचणीत आहेत, मराठी काय नि मिशनची काय. कोकणात शाळेला देणगीदाराचं नाव द्यायची जुनी रीत आहे. ती असूदे. पण येत्या स्नेहसंमेलनात एक शाल शिपाईमामांसाठी ठेवा. ते रिटायर झाल्यावर नव्हे, अजून घंटा देतायत तोवर.