नरडाण्याहून परळपर्यंत

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की आग्रा रोडवर नरडाणा लागतं. गावाला रेल्वे आहे, ताप्ती व्हॅलीची, सव्वाशे वर्षांची जुनी. पण ती जाते सुरतेला. धुळ्याची रेल्वे चाळीसगावहून येते आणि धुळ्यालाच थांबते. हे दोन रूळ जोडणाऱ्या मनमाड–धुळे–इंदूर मार्गाचं भूमिपूजन व्हायला २०१९ साल उजाडलं. कर्करोगाच्या आर्थिक मदतीचा इतिहास सांगताना रुळांची ही गोष्ट आधी घ्यावी लागते, कारण या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला किंवा शेतमजुराला तोंडाच्या, स्तनाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न पडतो तो 'न्यायचं कुठं आणि सोबत जायचं कुणी' हा. औषधाचा खर्च त्यानंतर येतो. मदत करणाऱ्यांनी मात्र नेमका उलटा क्रम धरला. रुग्णालयाचं बिल कुणी भरायचं, याचं उत्तर आपण ऐंशी वर्षांत बऱ्यापैकी शोधलं. आजारपणाच्या त्या महिन्यांत घर कसं चालायचं, या प्रश्नाला पुरेसा हात घातला नाही.

टाटा घराण्यातल्या मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. त्यांना मिळाले तसे उपचार इथे मिळावेत या इच्छेतून पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेलं. खानदेशात 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं की आजार कोणता हे आजही वेगळं सांगावं लागत नाही. गरिबाला तिथे कमी पैशांत किंवा फुकट उपचार मिळू लागले, पण परळ नरडाण्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी आणि १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्था मुंबईतच निघाल्या. राहण्याची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने केली, आणि या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणी मदत मला तीच वाटते. रुग्णाबरोबर आणखी एक माणूस येतो, त्यालाही अंग टाकायला जागा आणि पोटाला दोन घास लागतात, हे तिने ओळखलं होतं. रेल्वेनेही भाड्यात मोठी सवलत दिली. पण त्यासाठी कर्करोग रुग्णालयाच्या जबाबदार अधिकाऱ्याचा दाखला हवा, त्यामुळे निदान होण्याआधीचा पहिला फेरा बहुधा पदरमोडीचाच.

या काळातली बाकीची मदत अर्जावर चाले. पंतप्रधान निधी, मुख्यमंत्री निधी, सिद्धिविनायकासारखे न्यास, टाटांचे न्यास. प्रत्येकाला डॉक्टरांचं खर्चाचं पत्रक, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शक्यतो आमदार-खासदारांची शिफारस. ज्याच्या ओळखीत कुणी लिहितं-वाचतं होतं, त्याचा अर्ज पुढे सरके. राज्याने १९९७ साली जीवनदायी योजना आणली, पण मंजुरीची वाट तिथेही कागदांतूनच जात होती. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे नि:संशय. तरीही शेजाऱ्याला मिळालेली मदत आपल्याला का मिळाली नाही, हे विचारायचा हक्क या पद्धतीत कुणालाच नव्हता.

तो हक्क २ जुलै २०१२ रोजी मिळाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड आणि मुंबईच्या दोन जिल्ह्यांसोबत धुळे होतं. राज्याच्या बाकी जिल्ह्यांना २०१३चा नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबावं लागलं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, शस्त्रक्रिया, केमो आणि शेक (किरणोपचार) यांसह, रोख न भरता. रुग्णालयाच्या दारात योजनेची वाट दाखवणारा आरोग्यमित्र बसला, शिफारशीची गरज संपली. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. आता मर्यादा पाच लाखांची आहे आणि रेशनकार्डाचा रंगही आड येत नाही. हा बदल मी फार मोठा मानतो. पण मूळ योजनेतलं एक कलम नीट वाचावं. उपचारांच्या ठरीव रकमेत घरी परतायचं भाडं धरलं होतं: एकदाच, एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं, आणि फक्त रुग्णाचं. येतानाचं नाही, सोबत्याचं नाही. शेक घ्यायचा तर आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. तेवढे दिवस रुग्णाची मजुरी बुडते, सोबत गेलेल्याचीही बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत असं झालं तर घराचा वर्षाचा हिशेबच कोलमडतो. अशा घराला मग उचल घ्यावी लागते किंवा गुरं विकावी लागतात.

यावर सांगितलं जातं की मोठा खर्च बिलाचाच, तो सरकारने उचलला की झालं. लाखाचं बिल माफ झालेल्या घराला हे पटेलही. पण भाड्याला पैसे नाहीत म्हणून केमोची तिसरी-चौथी फेरी चुकली, तर आधीच्या फेऱ्यांवर सरकारने केलेला खर्चही मातीत जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: योजनांवर पैसे ओतण्यापेक्षा जवळ रुग्णालयं उभारा. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय उभं राहिलं, औरंगाबादेत सरकारी कर्करोग रुग्णालय झालं, धुळ्यात तर १९८८पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कर्करोगाचे सगळे उपचार मिळावेत ही मागणी रास्तच आहे. तरी शेक धुळ्यात मिळाला म्हणून नरडाण्याच्या मजुराचा रोज बुडायचा थांबणार नाही. तंबाखू खाल्ली त्याने भोगावं, असंही कुणी म्हणतं. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी पडलेल्या बायकांना ते काय उत्तर देणार?

खरं तर घरखर्चाची मदत कागदावर जुनीच आहे. १९८० सालच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगामुळे कमावू न शकणारा माणूस बसतो. अनुदान २०२३ साली महिना हजारावरून दीड हजार झालं. पण वार्षिक उत्पन्नाची अट एकवीस हजारांची. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. एवढ्यात कोणतं घर भागतं? शिवाय अर्ज तहसीलला, उपचार रुग्णालयात, आणि दोन्हीकडच्या माणसांचा एकमेकांशी संबंध नाही. निदान झालं त्याच दिवशी आरोग्यमित्राने हाही अर्ज भरून घ्यावा, उपचार चालू आहेत तोवर उत्पन्नाची अट सैल करावी आणि सोबत्याचं भाडं उपचारांच्या रकमेत धरावं. २०१२ साली राज्याने पहिल्या आठांत धुळे घेतलं होतं. याही सुधारणेची सुरुवात धुळ्यातूनच करावी.