नाझीर आणि नजराणा

निजामी अमदानीत देवगाव रंगारीच्या रयतेच्या कानांवर कचेरीतून जे अरबी-फारसी शब्द पडत, त्यांत नजराणा आणि नाझर हे सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे. परंतु न्यायकचेरीतील नाझर हा 'नजर' म्हणजे दृष्टी या कुळातला, तर नजराण्याचे मूळ 'नज्र' म्हणजे नवस हे असून त्याचे गोत्र इब्रानी भाषेतील 'नाझीर' या व्रतस्थाशी जुळते.

यहुद्यांच्या तोरेत, गणना या ग्रंथाच्या 6व्या अध्यायात, नाझीराची बंधने सांगितली आहेत: द्राक्षारसच नव्हे तर मनुकाही वर्ज्य, मस्तकाला वस्तरा नाही, आणि प्रेत आईबापाचे असले तरी त्याचा स्पर्श नाही. मुदत बोलून दाखवली नसेल तर मिश्ना या यहुदी धर्मसंहितेचे कर्ते ती 30 दिवसांची धरतात. व्रत फिटले की उतरवलेले केस यज्ञाग्नीत जात.

या व्रताविषयी धर्मवेत्ते मात्र साशंकच होते. शिमोन हत्सद्दिक हा महायाजक विटाळलेल्या नाझीराच्या प्रायश्चित्तबलीचा अंश खात नसे, कारण भरात नवस बोलणारे मुदत लांबली की पस्तावतात, हे तो जाणून होता. एकदा दक्षिणेकडून सुंदर कुरळ्या केसांचा एक तरुण मेंढपाळ आला. असे केस का उतरवतोस, असे विचारता तो म्हणाला की, पाणी भरताना स्वतःचे प्रतिबिंब पाहून मन चळले, म्हणून तेथेच हे केस देवाला वाहण्याची शपथ घेतली. शिमोनाने उठून त्याच्या मस्तकाचे चुंबन घेतले, आणि त्या एकाचाच बली तो जेवला. व्रताहून व्रतामागील हेतू पारखणारी ही दृष्टी मला त्या बंधनांहून मोलाची वाटते.

इ. स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले आणि यज्ञ थांबला. कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेलघाणे चालवणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या म्हणून 'शनवार तेली' म्हटल्या गेलेल्या बेने इस्राएल यहुद्यांत मात्र हे व्रत मातेच्या नवसात उरले. मूल झाले तर ते नाझीर, असे बोलून त्याचे केस सहा-सात वर्षे राखीत, मग उतरवून सोन्यारुप्याने तोलीत आणि ते द्रव्य धर्मादाय करीत. ही तोलण्याची रीत शेजारच्या मुसलमानांच्या अकीका या बाळाच्या जावळविधीवरून आली असावी, असा माझा तर्क आहे. नवसाचे जावळ राखणाऱ्या हिंदू शेजाऱ्यांना तर त्यात परके काहीच वाटले नसेल.

या समाजाचा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहून ठेवला. तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवमध्ये.