नावाचे वारस

आमच्या अंजनवेलीत नावांची मोठी गंमत आहे. वाशिष्ठी जेथे समुद्राला मिळते तेथे, खाडीच्या तोंडावर, आमचा जुना किल्ला उभा आहे. १७४५ साली तुळाजी आंग्र्यांनी तो सिद्दीकडून जिंकून घेतला आणि त्याचे नाव 'गोपाळगड' ठेवले. पुस्तकांतून हेच नाव सापडते. पण गावातला म्हातारा माणूस आजही 'अंजनवेलचा किल्ला' असेच म्हणेल. दुसरी गोष्ट तर कालपरवाची. आमच्या शेजारी अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीने विजेचा प्रकल्प उभा केला. २००१ साली तो बंद पडला आणि त्याच वर्षी एन्रॉनचे दिवाळे वाजले. २००५ साली 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही नवी कंपनी निघाली आणि प्रकल्प पुन्हा सुरू झाला. फाटकावर नवी पाटी लागली. पण लोकांच्या तोंडी अजून 'एन्रॉन'च! कंपनी मेली, मालक गेले, पाटी बदलली; नाव मात्र लोकांनी सोडले नाही.

नाव ठेवणारा एक आणि ते चालवणारे दुसरे, असे जगात फार वेळा होते. मग एखादे नाव खरे कोणाचे? ठेवणाऱ्याचे, विकत घेणाऱ्याचे, की जिभेवर जपणाऱ्यांचे? प्रश्न पोरकट वाटेल. पण ह्याच प्रश्नावर अलीकडे आपल्या देशात उच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले. भांडण जमिनीचे नव्हते, घराचे नव्हते. ते होते एका मोटारसायकलच्या नावाचे. ही हकिकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हरकत नाही, कारण तिच्यात एक कुटुंबकथाही दडलेली आहे.

त्या मोटारसायकलचे पहिले नाव 'जावा'. हे नाव ऐकून आमच्या माजघरातील मंडळींना हसू येणे साहजिक आहे. आपल्याकडे जावा म्हणजे एका घरात नांदणाऱ्या दोघी भावांच्या बायका! पण ह्या जावेचा जन्म झाला मध्य युरोपात, प्रागमध्ये. फ्रांतिशेक यानेचेक नावाचा तेथील एक कारखानदार शस्त्रे बनवीत असे. महायुद्ध संपले, शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा १९२९ साली त्याने 'वाँडरर' ह्या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेकचा 'या' आणि वाँडररचा 'वा' मिळून झाले 'यावा', आणि रोमन लिपीच्या वळणाने आपल्याकडे 'जावा'. पुढे नाझी अंमलाखाली कारखान्यात शत्रूची कामे करावी लागत असतानाही तिथल्या कारागिरांनी गुपचूप एक नवे यंत्र तयार केले. युद्ध संपल्यावर १९४६ साली ते पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. त्याचे नाव 'पेराक'.

ही गाडी हिंदुस्थानात आणली ती मुंबईच्या इराणी मंडळींनी. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानामुळे इराणी हा शब्द आपल्याला परका नाही. पण त्याच समाजातल्या काहींनी १९५०च्या दशकात परदेशी मोटारसायकली आणून विकण्याचा व्यापार सुरू केला होता. पुढे बाहेरचा माल आणण्यावर बंधने आली, तेव्हा रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी येथेच कारखाना काढायचे ठरवले. जागा मिळाली म्हैसूरला. 'आयडियल जावा' ह्या नावाने १९६१ साली तो सुरू झाला. १९७३च्या सुमारास टाकीवरचे 'जावा' हे नाव जाऊन तेथे 'येझदी' आले. इराणमधले यझ्द हे ह्या समाजाच्या पूर्वजांचे एक गाव. आपला सावंतवाडीचा माणूस मुंबईत खानावळ काढतो आणि पाटीवर गावाचे नाव घालतो, तसाच हा प्रकार. गाडी तीच, घर तेच. जावा आणि येझदी ह्या खरोखरच दोघी जावा झाल्या.

ह्या गाडीचे काही स्वभाव होते. अडीचशे सी.सी.चे एकच सिलिंडर, पण धूर सोडणाऱ्या नळ्या दोन, दोन्ही बाजूंना सारख्या. किक आणि गिअर एकाच दांडीत. दांडी उभी केली की किक, आडवी केली की गिअर. नवख्याची त्यात फजिती ठरलेली. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालायचे. आणि आवाज? तो कागदावर उतरवणे अवघड आहे. गाडी वळणापलीकडे असतानाच घरच्यांना कळे आणि चहाचे आधण ठेवले जाई. अंगाने भक्कम, घाटात दमदार, खड्ड्यांना न भिणारी ही गाडी त्या काळच्या रस्त्यांच्या पोटचीच वाटे.

पण काळ कोणासाठी थांबतो? १९८०च्या दशकात जपानी सहकार्याच्या हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या शंभर सी.सी.च्या गाड्या आल्या. पगारदार माणूस लिटरमागे किलोमीटर मोजू लागला. १९९६ साली धुराविषयीचे नियम कडक झाले आणि त्याच साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २००१ साली कंपनी गुंडाळण्याचा हुकूम होऊन ती सरकारी अवसायकाच्या ताब्यात गेली. कायद्याच्या दृष्टीने गोष्ट येथे संपली.

परंतु लोकांच्या दृष्टीने ती संपली नाही, आणि माझ्या मते ह्या इतिहासाचा खरा कळसाध्याय येथेच सुरू होतो. कारखाना बंद झाला त्या दिवशी हजारो गाड्या रस्त्यावर होत्या. सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा तालुक्याच्या गावचे मिस्त्री पुढे आले. कोणी जुन्या बाजारातून भंगार गाड्या विकत घेऊन त्यांचे अवयव काढून ठेवले, कोणी लेथवर हवा तो भाग घडवून घेतला. वडिलांची गाडी मुलाने विकली नाही. परड्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिला रंग दिला. शहराशहरांत जावा-येझदीवाल्यांची मंडळे निघाली. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ते आपल्या गाड्या पुसूनपासून मेळ्याला आणू लागले. बावीस वर्षे ह्या नावाला मालक असा नव्हता, जाहिरात नव्हती, दुकान नव्हते. होते ते एवढेच लोक.

मग २०१८ साली ते नाव परत आले. रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी (सिनेमातले नव्हेत, मुंबईचे बांधकाम व्यावसायिक), अनुपम थरेजा आणि महिंद्र समूह यांनी मिळून 'क्लासिक लेजंड्स' ही कंपनी काढली होती. चेक मूळघराकडून जावाचे नाव वापरण्याचा परवाना घेऊन १५ नोव्हेंबर २०१८ रोजी त्यांनी मुंबईत नव्या जावा गाड्या लोकांपुढे आणल्या. लोकांनी अशी झुंबड केली की, २५ डिसेंबरला नोंदणी थांबवावी लागली. पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा माल आधीच विकला गेला होता! १९४६च्या त्या 'पेराक'चेही नाव पुन्हा एका गाडीला मिळाले.

पण शौकिनांची प्रतिक्रिया काय झाली? ती एकसारखी नव्हती, आणि म्हणूनच मला ती वाचनीय वाटते. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, तेव्हा बारशाला जे घडते तेच येथे घडले. एक आत्या म्हणते, "नाक अगदी आबांचे!" दुसरी म्हणते, "छे, आबांचा तो आवाज कुठे?" नव्या जावेची टाकी, तिचा चकचकाट, दोन्ही बाजूंच्या त्या दोन नळ्या पाहून कित्येकांचे डोळे पाणावले. पण आतले यंत्र नवे होते: २९३ सी.सी.चे, पाण्याने थंड होणारे, आताच्या नियमांत बसणारे. तेल मिसळायचे नाही, निळा धूर नाही, तो जुना ठेका नाही. जुने लोक म्हणाले, "चेहरा आमचा आहे, गळा दुसऱ्याचा." गाडी हाती यायला महिनोन् महिने लागले, तेव्हा ह्या कुरकुरीला रागाची धार आली. आणि गाड्या तयार होत होत्या त्या म्हैसूरला नव्हे, मध्यप्रदेशात पिथमपूरला. कुणाला ते खटकले, कुणाला त्याचे काहीच वाटले नाही.

ह्या कुरकुरीला कोणी हट्टीपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. जो माणूस बावीस वर्षे एखादी वस्तू स्वतःच्या खिशातून जिवंत ठेवतो, तो तिचा नुसता गिऱ्हाईक उरत नाही. तो तिचा भाऊबंद होतो. आणि भाऊबंदाला कुरकुर करण्याचा हक्क असतो.

२०२२च्या जानेवारीत 'येझदी'ही परत आली, आणि आता खरे भांडण पेटले. जावाचे नाव परदेशातून परवान्याने आलेले. पण येझदी हे नाव येथल्या बुडालेल्या कंपनीचे. अवसायकाचे म्हणणे असे की, कंपनी बुडाली तरी तिचे नाव ही तिची मालमत्ता आहे. ज्यांचे ज्यांचे देणे राहिले आहे त्यांचा तिच्यावर हक्क. उलट बाजूचे म्हणणे असे की, कंपनीने नाव वापरणे केव्हाच सोडले होते आणि वारसाने ते रीतसर आपल्या नावे नोंदवले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एक-न्यायाधीश पीठाने नाव बुडालेल्या कंपनीचेच ठरवले. त्यावर अपील झाले, आणि २०२५ साली खंडपीठाने तो निकाल फिरवून नव्या मंडळींच्या बाजूने कौल दिला.

कायद्याचे काम कायद्याने केले. त्यावर मास्तरने बोलू नये. परंतु त्या खटल्यातला एक मुद्दा कोकणी माणसाच्या काळजाला भिडतो. बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे जे उरते त्याच्यावर कोणाकोणाचा हक्क? आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराघरातून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे गिरणगाव विझले. आज परळच्या बाजूला फिनिक्स गिरणीच्या जागी झगमगीत बाजार आहे, आणि त्याच्या पाटीवर 'फिनिक्स' हे नाव टिकून आहे. राखेतून उठणाऱ्या त्या पक्ष्याचे नाव उठले; ज्यांनी तेथे तीन पाळ्यांत साचे चालवले, ते मात्र खोल्यांच्या सोडतीची वाट पाहत म्हातारे झाले. नावाला पुनर्जन्म मिळतो. हातांना मिळत नाही. म्हैसूरच्या कामगारांची आठवण नव्या गाडीच्या कौतुकात कोणी फारशी काढली नाही, ह्याचे म्हणूनच वाईट वाटते.

हा खेळ केवळ आपल्याकडेच चालतो असे नाही. इंग्लंडात १८६१ साली बंदुका बनवण्यासाठी निघालेल्या बी.एस.ए. कंपनीने पुढे मोटारसायकली काढल्या. दुसऱ्या महायुद्धात तिच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या सैन्यात धावल्या. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते घराणे बुडाले. २०१६ साली तिचे नाव विकत घेतले ते आपल्या क्लासिक लेजंड्सने! डिसेंबर २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला तिच्या जुन्या 'गोल्ड स्टार'चे नवे रूप दाखवले गेले आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी ते आपल्याकडे विक्रीला आले. ज्यांच्या राज्याखाली आपण दीडशे वर्षे काढली, त्यांच्या गाडीचे नाव मुंबईच्या मंडळींनी जिवंत करावे आणि तेही स्वातंत्र्यदिनी येथे आणावे, ही काळाची खट्याळ चाल म्हटली पाहिजे.

'एम.जी.' ह्या इंग्रजी मोटारीचे तर आणखी निराळे. १९२४ पासून हे नाव म्हणजे दोन माणसांची, उघड्या टपाची, वाऱ्याशी बोलणारी गाडी. १९८० साली तिचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला, २००५ साली कंपनीच कोसळली आणि नाव चिनी मालकांकडे गेले. २०१९ साली ते भारतात आले ते उंच, बंदिस्त, कुटुंबाच्या गाडीवर बसून. जयगडच्या बंदरामुळे आम्हां रत्नागिरीकरांना ठाऊक असलेला जिंदल समूह २०२४ साली त्यात भागीदार झाला. जुने शौकीन म्हणत राहिले, "दोन माणसांची उघडी गाडी नाही, तर ती एम.जी. कसली?" शेवटी २०२५ साली तशी गाडी भारतात आली, पण पेट्रोलवर नव्हे, विजेवर चालणारी! नाव खरे, रूप खरे, आवाज मात्र गप्प. आता ह्याला पुनर्जन्म म्हणावे की नवा जन्म, ह्यावर शौकिनांची जुगलबंदी चालूच राहील.

मला विचाराल तर नातवाला आजोबांचे नाव ठेवण्यात चुकीचे काही नाही. उलट त्यात प्रेम आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नातवाने आजोबांचे सोंग आणू नये. त्याने आपल्या काळात, आपल्या गळ्याने बोलावे. आणि नाव मिरवताना, ते ज्यांनी मधल्या काळात राखले त्यांना विसरू नये. नाव विकत घेता येते, नोंदवता येते, कोर्टात जिंकताही येते. पण त्या नावाला किंमत आली ती मिस्त्र्याच्या काळ्या झालेल्या बोटांमुळे, परड्यातल्या ताडपत्रीमुळे, आणि वळणापलीकडचा आवाज ओळखून चहाचे आधण ठेवणाऱ्या घरांमुळे. खरेदीखतावर त्यांच्या सह्या नसतात. तरी साक्षीदार म्हणून त्यांची नावे घातली असती, तर ते खत अधिक खरे झाले असते.