पाण्याचे वय
सातारा जिल्ह्यातील लिंब येथील बारा मोटांची विहीर १८ व्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे, हे तेथील शिलालेखावरून कळते. तिच्यातील पाण्याचे वय मात्र शिलालेखाने कळत नाही. १९४९ मध्ये लिबी यांनी किरणोत्सर्गी कार्बनाने कालमापन सिद्ध केले. पुढे १९५२ पासूनच्या हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांनी पर्जन्यजलातील ट्रिटियम वाढले व १९६३ च्या सुमारास कळसास पोहोचले. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. भूजलात ते आज मापता आले, तर त्या पाण्याचा काही अंश तरी चाचण्यांनंतर मुरलेला असतो.

सातारा-सांगलीचा काळा पाषाण जवळजवळ अभेद्य होय. पाणी वाहते ते मुरमातून, सांध्यांतून व फटींतून. कृष्णाकाठच्या उसाला घातलेल्या खतातील नायट्रेटही त्याच वाटांनी उतरते. खोल विंधण विहिरीत नायट्रेट व ट्रिटियम एकत्र आढळल्यास दूषितास जलद वाट सापडली, असे अनुमान निघते. पाणी जुने व निर्मळ असल्यास दूषण अद्याप पोहोचलेले नाही, एवढेच म्हणता येते. वरचा थर नळीने नीट बंद न केलेली विंधण विहीर ही वाट स्वतःच निर्माण करते.

मराठी माणूस ज्या झऱ्यास 'जिवंत' म्हणतो, तोच नव्या पाण्यासह नवे दूषणही आणतो.