कर गेला, कागद उरला : अमेरिकेतील बंदुकीचा सायलेन्सर आणि १९३४ चा राष्ट्रीय अग्निशस्त्र कायदा

प्रस्तावना

एखादी वस्तू नागरिकाच्या हाती पडू नये असे राज्यसंस्थेला वाटले, तर तिच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग सरळ बंदीचा. दुसरा मार्ग वस्तू बाळगण्यास मुभा देण्याचा, परंतु तिच्यावर असा कर आणि असे सोपस्कार लादण्याचा, की सामान्य माणसाने त्या वाटेला जाऊच नये. बंदुकीच्या आवाजाची तीव्रता कमी करणाऱ्या सायलेन्सरच्या बाबतीत अमेरिकेने १९३४ पासून हा दुसरा मार्ग स्वीकारला. पहिला सायलेन्सर विकत घेणाऱ्या अमेरिकन नागरिकास आजही अर्ज, छायाचित्र, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रतीक्षा या टप्प्यांतून जावे लागते. हे सर्व मुळात २०० डॉलरच्या कराची वसुली व्हावी म्हणून उभे राहिले होते. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील तो कर शून्य झाला. सोपस्कार मात्र कायम राहिले. ज्या कारणासाठी कागद निर्माण झाला, ते कारण नाहीसे झाल्यावर कागदाला कोणता आधार उरतो, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

सायलेन्सरचा उदय

सायलेन्सरचा जनक हिराम पर्सी मॅक्झिम (१८६९–१९३६) हा मॅक्झिम तोफेचा निर्माता हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम याचा पुत्र होय. पित्याने १८८० च्या दशकात स्वयंचलित बंदूक निर्माण केली, तर पुत्राने बंदुकीचा आवाज कमी करण्याचे साधन शोधले. ३० मार्च १९०९ रोजी त्याला या साधनाचे अमेरिकन पेटंट मिळाले आणि कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथून त्याच्या कंपनीने विक्री सुरू केली. साधनाचे तत्त्व साधे होते. गोळीमागून नळीबाहेर पडणारे तप्त वायू एकाएकी न सोडता, नळीच्या तोंडाशी बसविलेल्या लहान कप्प्यांतून फिरवून, त्यांचा दाब उतरवून मग बाहेर सोडावयाचे. मोटारगाडीच्या धुराड्याला आपण ज्या अर्थाने ‘सायलेन्सर’ म्हणतो, तोच हा अर्थ. मॅक्झिमची कंपनीही पुढे बंदुकीकडून इंजिनांच्या ध्वनिशमनाकडे वळली.

प्रारंभीच्या काळात ही वस्तू टपालाने मागविता येत असे. नेमबाजीचा सराव शेजाऱ्यांस त्रास न देता करता यावा, असा तिच्या जाहिरातींचा सूर होता. ‘सायलेन्सर’ हे नाव मात्र अतिशयोक्त ठरले. बंदुकीच्या बाराचा आवाज सर्वसाधारणपणे १४० ते १७० डेसिबल असतो आणि सायलेन्सरमुळे त्यात २० ते ३५ डेसिबलची घट होते. ध्वनीहून अधिक वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतील तडाखा तर त्याने थांबतच नाही. चित्रपटांनी रूढ केलेली ‘निःशब्द हत्या’ ही कल्पना आणि वस्तुस्थिती यांत बरेच अंतर आहे. हे अंतर लक्षात ठेवूनच पुढील कायद्याकडे पाहावे लागते.

१९३४ चा कायदा : कराच्या वेषातील बंदी

दारूबंदीच्या काळात अमेरिकेतील महानगरांत गुन्हेगारी टोळ्या बलिष्ठ झाल्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोमध्ये सात जणांची हत्या झाली. फेब्रुवारी १९३३ मध्ये मायामी येथे फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर झालेल्या गोळीबारात शिकागोचे महापौर अँटन सर्मॅक जखमी होऊन पुढे मरण पावले. या पार्श्वभूमीवर ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांच्या पुढाकाराने शस्त्रनियंत्रणाचे विधेयक मांडले गेले.

परंतु संघराज्यीय शासनापुढे घटनात्मक अडचण होती. शस्त्रांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला स्पष्टपणे दिलेला नव्हता. कर बसविण्याचा अधिकार मात्र निर्विवाद होता. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अंमली पदार्थांच्या बाबतीत हीच युक्ती वापरली होती. म्हणून हे विधेयक प्रतिनिधिगृहाच्या अर्थविषयक, म्हणजे ‘वेज अँड मीन्स’, समितीपुढे गेले. मूळ मसुद्यात पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांचाही समावेश होता. विरोधानंतर ती वगळली गेली. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर उरले. सायलेन्सरचा समावेश का करावा, याची चर्चा सुनावणीत अत्यल्पच झाली. मुख्य शस्त्रांच्या यादीत हे उपसाधन जवळजवळ निर्विरोध समाविष्ट झाले आणि मुख्य धास्ती असलेली पिस्तुले बाहेर पडल्यावरही ते यादीत तसेच राहिले.

२६ जून १९३४ रोजी कायदा संमत झाला. अशा प्रत्येक वस्तूच्या हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसला. आजच्या मूल्याने ही रक्कम ४,५०० डॉलरहून अधिक भरते. काही डॉलरांना मिळणाऱ्या सायलेन्सरवर इतका कर म्हणजे व्यवहारतः बंदीच होती. कर भरल्याचा पुरावा म्हणून मागणीपत्रावर मुद्रांक चिकटवावयाचा आणि खरेदीदार व्यक्तीची ओळख पटावी म्हणून त्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे जोडावयाचे, अशी तरतूद मूळ कायद्यातच होती. मुद्रांक वसुलीसाठी, ठसे ओळखीसाठी आणि नोंद मुद्रांकाच्या पडताळणीसाठी, अशी ही साखळी होती.

न्यायालये आणि नोंदवही

हा खरोखर कर आहे की कराच्या नावाखाली शासन, हा प्रश्न लवकरच सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सॉन्झिन्स्की खटल्यात (१९३७) न्यायालयाने कायदा वैध ठरविला. वरकरणी जो कर आहे आणि ज्यातून काही महसूल मिळतो, त्यामागील छुपा हेतू शोधणे हे न्यायालयाचे काम नव्हे, अशी भूमिका न्यायमूर्ती स्टोन यांच्या निकालपत्रात घेतली गेली. यामुळे महसूल हाच कायद्याचा घटनात्मक पाया ठरला.

दुसरा आघात नोंदणीवर झाला. हेन्स खटल्यात (१९६८) असा युक्तिवाद झाला की, बेकायदा शस्त्र जवळ असलेल्या माणसाला ते नोंदविण्यास भाग पाडणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास लावणे होय. पाचव्या घटनादुरुस्तीच्या आधारे न्यायालयाने तो मान्य केला. त्याच वर्षी संमत झालेल्या बंदूक नियंत्रण कायद्याने ही त्रुटी भरून काढली. नोंदणीचे दायित्व वस्तू घेणाऱ्याऐवजी बनविणाऱ्यावर किंवा देणाऱ्यावर आले आणि अर्जातील माहिती अर्जदाराच्या पूर्वीच्या वा त्याच वेळच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही असे ठरले. सुधारित कायदा फ्रीड खटल्यात (१९७१) टिकला.

१९८६ च्या कायद्याने नव्या मशीनगनची नागरी नोंदणी बंद केली, परंतु सायलेन्सरची नोंदवही उघडीच राहिली. अंमलबजावणी करणारा विभाग २००३ मध्ये अर्थ खात्यातून न्याय खात्याकडे गेला. कर गोळा करणारे कार्यालय गुन्हे तपासणाऱ्या खात्याचा भाग झाले, हा बदल कायद्याच्या बदललेल्या स्वरूपाशी सुसंगतच होता.

पहिल्या खरेदीची वाट

आठ राज्यांनी नागरिकांस सायलेन्सर बाळगण्यास मनाई केली असून उर्वरित ४२ राज्यांत तो घेता येतो. त्यासाठी कायमचा ‘परवाना’ मिळतो हा समज चुकीचा आहे; मंजुरी प्रत्येक नगासाठी स्वतंत्र असते. दुसरा नग घ्यावयाचा तर सारे सोपस्कार पुन्हा करावे लागतात.

खरेदीदार आपल्याच राज्यातील विशेष व्यवसायकर भरणाऱ्या विक्रेत्याकडे जातो आणि वस्तूची किंमत चुकती करतो; परंतु वस्तू त्याला मिळत नाही. ती विक्रेत्याच्या तिजोरीत राहते. मग ‘फॉर्म ४’ भरला जातो. त्यात वस्तूचा अनुक्रमांक, देणारा व घेणारा यांचा तपशील, छायाचित्र आणि ठसे यांचा समावेश असतो. त्याची एक प्रत स्थानिक पोलीस प्रमुखास सूचनेदाखल पाठवावी लागते. तपासणीनंतर मंजुरी आली म्हणजे विक्रेता आणखी एक फॉर्म भरून घेतो आणि वस्तू हवाली करतो. मंजूर कागद मालकाने जपून ठेवावयाचा असतो, कारण नोंदणीविना सायलेन्सर बाळगणे हा दहा वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे.

२०१६ पूर्वी पोलीस प्रमुखाला केवळ सूचना पुरत नसे. त्याची स्वाक्षरी आवश्यक होती. तो स्वाक्षरी नाकारी, तर व्यक्तिगत अर्जाची वाट तेथेच खुंटे. परिणामी अनेकांनी खासगी ट्रस्ट स्थापन केले, कारण ट्रस्टच्या नावे अर्ज केल्यास स्वाक्षरी, ठसे व छायाचित्र लागत नसत. १३ जुलै २०१६ पासून लागू झालेल्या नियमाने स्वाक्षरीची अट काढली, परंतु ट्रस्टमधील प्रत्येक जबाबदार व्यक्तीस ठसे व छायाचित्र सक्तीचे केले. एक कागद चुकविण्यासाठी दुसरा कागद निर्माण व्हावा आणि शासनाने त्या दुसऱ्यालाही जुन्याचे नियम लावावेत, हे या इतिहासातील बोलके उदाहरण होय.

कराचे अवमूल्यन

१९३४ च्या कायद्यात कराची रक्कम डॉलरमध्ये गोठविली होती; महागाईशी तिचा संबंध जोडलेला नव्हता. नव्वद वर्षांत २०० डॉलर ही भिंत न राहता उंबरठा झाली. सायलेन्सरची किंमतच अनेकदा कराहून कितीतरी अधिक असू लागली. खरा अडथळा आता पैशाचा नसून वेळेचा होता. २०१० च्या दशकात मंजुरीसाठी अनेक महिने लागणे नित्याचे होते. डिसेंबर २०२१ मध्ये हा अर्ज संगणकीय पद्धतीने स्वीकारण्यास पुन्हा प्रारंभ झाला आणि पुढील काही वर्षांत हा काळ पुष्कळ घटला.

नोंदवहीतील आकडे हेच दर्शवितात. शासकीय आकडेवारीनुसार २०११ मध्ये नोंदणीकृत सायलेन्सर तीन लाखांहून कमी होते. २०१७ मध्ये ते १३ लाखांवर आणि २०२१ मध्ये २६ लाखांवर गेले. जी वस्तू दुर्मीळ राहावी म्हणून कर लावला, ती कर असतानाच सर्वत्र पसरली.

२०२५ ची दुरुस्ती आणि उरलेला प्रश्न

सायलेन्सर हे श्रवणरक्षणाचे साधन आहे, या भूमिकेतून २०१५ पासून ते कायद्यातून वगळण्याची विधेयके मांडली गेली. गुन्ह्यांत त्याचा वापर क्वचितच होतो, असे मत अंमलबजावणी विभागातील वरिष्ठ अधिकारी रोनाल्ड टर्क यांनीही जानेवारी २०१७ मधील टिपणात नोंदविले होते. याउलट, ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच येथे १२ जणांचा बळी घेणाऱ्या हल्लेखोराने सायलेन्सर लावलेले पिस्तूल वापरले होते. आवाज दबला तर धोक्याची जाणीव उशिरा होते, हा विरोधकांचा आक्षेप त्यामुळे तीव्र झाला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यामागे खऱ्या माणसांचे कान आणि प्राण आहेत, हे विसरता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या व्यापक अर्थविषयक कायद्याने कोंडी अर्धीच सोडविली. नोंदणीच रद्द करण्याची तरतूद सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी अर्थविषयक विधेयकाच्या मर्यादेबाहेरची ठरविली. कर शून्य करण्याची तरतूद तेवढी टिकली. म्हणजे १९३४ मध्ये कर हे नियंत्रणाचे निमित्त होते. २०२५ मध्ये नियंत्रण हे कराहून वेगळे आहे, असे संसदीय नियमांच्या निमित्ताने प्रथमच उघडपणे मान्य झाले. त्याच वर्षी संघराज्यीय न्यायालयांत दावे दाखल झाले. महसूलच नसेल तर करविषयक अधिकारावर उभी असलेली नोंदणी कशी टिकेल, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद आहे. आरोग्यविम्याच्या बाबतीत असाच प्रश्न यापूर्वी उद्भवला होता. विमा न घेण्यावरील दंड शून्य झाल्यावर कायद्याला आव्हान दिले गेले. परंतु २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वादींना दाव्याचा अधिकारच नाही म्हणून मूळ प्रश्नाला हात घातला नाही.

भारतीय कायद्याशी तुलना

भारतातील परंपरा या संदर्भात उद्बोधक ठरते. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याचे तत्त्व उघडपणे स्वीकारले आणि राष्ट्रीय सभेने आरंभीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध आवाज उठविला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने परवाना कायम ठेवला. अग्निशस्त्राच्या व्याख्येत आवाज अथवा ज्वाला कमी करणाऱ्या उपसाधनांचाही समावेश केला. येथे नियंत्रणाला कराच्या पडद्याची गरज भासली नाही. परवानगी देणे वा नाकारणे हा अधिकार शासनाने थेट स्वतःकडे घेतला. त्या अधिकाराच्या व्याप्तीवर आक्षेप घेता येतो. परंतु तो कोठून येतो, याविषयी संदिग्धता राहत नाही.

निष्कर्ष

सायलेन्सरच्या इतिहासावरून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, हेतू स्पष्ट न सांगता निमित्ताच्या आधारे केलेला कायदा काही काळ टिकतो. परंतु निमित्त क्षीण होताच त्याचा पायाही डळमळतो. दुसरी, कायद्यात गोठविलेली रक्कम कालांतराने आपले काम सोडते आणि ते काम प्रक्रियेकडे, म्हणजे अर्ज, ठसे आणि विलंब यांच्याकडे जाते. तिसरी, प्रक्रियेला स्वतःचे आयुष्य असते. सुंभ जळाला तरी पीळ राहतो, त्याप्रमाणे मुद्रांकाचे मूल्य शून्य झाले तरी मुद्रांकाचा अर्ज उरतो.

नोंदणी आवश्यक आहे की अनावश्यक, यावर अमेरिकन समाजात प्रामाणिक मतभेद आहेत. मात्र ती आवश्यक असेल, तर सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाने तिचे उघड समर्थन झाले पाहिजे आणि अनावश्यक असेल, तर ती उघडपणे रद्द झाली पाहिजे. १९३४ च्या विधिमंडळाने टाळलेला हा निर्णय नऊ दशकांनंतर न्यायालयांच्या दारी येऊन उभा राहिला आहे.